लाल लोकर, पिवळी लोकर

नवऱ्याच्या हातांना डांबरी मेणाचा वास येत होता. हिल्क्कानं वाकून आपल्या स्की हुंगल्या. त्यांना वासच नाही. शेजारी टेकवलेल्या, क्लबातल्याच साइमीच्या स्की हुंगल्या, तर घमघमाट!

“कुत्र्यासारखी काय हुंगतेस गं?” स्की घसराव्यात म्हणून मेण लावायच्या खोपटातून ताउनो म्हणाला.

“दोघींच्या स्कींना एकच मेण लावलंस ना?”

“एकच की.” आणि गडी कान खाजवायला लागला.

सगळ्या संसारात हिल्क्काला एक गोष्ट पक्की कळली होती. ताउनो कान खाजवतो, तेव्हा थापा मारतो.

तशी ती जन्माची संशयी. घड्याळ धरणारा कुणाचा मेव्हणा लागतो हे काढल्याशिवाय शर्यतीला उभी राहायची नाही. सरबताची बाटली शेवटपर्यंत काखेत. एवढं करून जिल्ह्यात कायम दुसरी. पहिलीला चांदीचा मोठा चमचा, दुसरीला छोटा. घरात छोट्या चमच्यांनी खण भरलेला. आज शेवटची शर्यत, गुडघा आता नको म्हणत होता. मोठा चमचा आज नाही, तर कधीच नाही.

आणि क्लबात मेण लावणारा एकटा ताउनो. साइमी तरणी, लाघवी, उठता बसता ‘काका, काका’ करणारी. संशयाला आणखी काय लागतं?

क्लबच्या स्की सगळ्या निळ्या. दोघींची उंची सारखी, म्हणून स्कीही सारख्याच. ओळखायला ताउनो लोकर बांधायचा; बायकोला लाल, साइमीला पिवळी. तो कॉफी आणायला वळला. हिल्क्कानं दातांनी हातमोजे ओढले आणि लोकर इकडची तिकडे केली. घे लेका! शाळकरी पोरीसारखं हसू फुटलं तिला.

पहिल्या चढावर ऊन पडलं. बर्फ ओलावला आणि हिल्क्काच्या स्कीखाली चिकटून त्याचा लाडू वळायला लागला. झटकला, की दुसरा.

“लाटू!”

मागून हाक आली. वाट सोड! अशी हाक आली की पुढच्यानं बाजूला व्हायचं, ही रीत. जिल्ह्यात ही हाक हिल्क्कानं द्यायची, इतरांनी ऐकायची. आज ती बाजूला झाली. तिच्यामागून सुटलेली साइमी शेवाळावरून घसरावी तशी सुर्रकन पुढे गेली.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. मेला थापच मारत होता. पण कुणासाठी!

साइमी पहिली आली. हिल्क्का पाचवी.

“काका, काय लावलंत हो! नुसती उडत होते मी!”

ताउनोनं तिच्या स्कींची पिवळी लोकर पाहिली. गाठ त्याची नव्हती. त्यानं बायकोकडे पाहिलं, तोंड उघडलं.

“मन लावून लावलं होतं गं त्यांनी,” हिल्क्काच घाईनं म्हणाली. “पळ, चमचा घे तुझा.”

पोरगी पळाली.

“ओल्या बर्फाचं मेण होतं ते, बिनवासाचं,” ताउनो पुटपुटला. “डबीत एकीपुरतंच उरलं होतं.”

“दरवर्षी माझ्यासाठी असंच करायचास?”

“दरवर्षी.” त्यानं कान खाजवला नाही.

“आणि तरी मी दुसरीच!”

ताउनो गुडघ्यावर बसला, खिशातून चाकू काढला.

“पाय उचल.”

नाल ठोकून घेणाऱ्या म्हाताऱ्या घोडीसारखा तिनं एक पाय उचलला, तोल जाऊ नये म्हणून त्याच्या खांद्यावर हात टेकवला. तो तिच्या स्कीचा बर्फ खरवडत राहिला.