दोरावरचे अकरा जण

सुभेदार तात्यारावांनी पलटणीचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा स्वतःला एकच अट घातली. ‘शूर’ हा शब्द कुठंही येऊ द्यायचा नाही.

“शूर म्हटलं की वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो,” ते मुलीला म्हणायचे. “काय केलं ते सांगितलं की थांबतो.”

मुलगी पंचशीला भाईंदरच्या एका शाळेत ग्रंथपाल होती. पंधरा वर्षं पुस्तकांत आणि पोरांना ‘हळू बोला’ सांगण्यात गेलेली. वडिलांचं लिहिणं तिला फार आवडायचं. ते तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायचं राहूनच गेलं. शहाण्णवच्या जूनमध्ये, बेव्हर्ली पार्कमागच्या घरात, सकाळचा चहा घेता घेता तात्याराव गेले. मागं सहा वर्षांत भरलेल्या चार दोनशेपानी वह्या राहिल्या.

त्या वह्यांत अख्खी पलटण होती. पासष्टची लढाई, एकाहत्तरची, नागा टेकड्यांतली दोन वर्षं, आणि चौथ्या वहीत श्रीलंका. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात पलटण मद्रासहून जहाजानं निघाली. निम्मी पोरं कोकणातली, निम्मी मराठवाड्यातली. तात्यारावांनी लिहिलं होतं, ‘कोकणातल्यांनी समुद्राकडं बघितलंही नाही, पत्ते खेळत बसले. मराठवाड्यातले कठड्याला धरून उभे. एवढं पाणी बघून एकजण म्हणाला, आमच्या तालुक्याचे टँकर इथं लावायला पाहिजे होते.’

पुढं त्या बेटावर पडलेल्यांची पानं होती. अठरा माणसं, प्रत्येकाला अर्धं पान. नाव, गाव, आणि काय केलं. एका शिपायाबद्दल होतं, ‘जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन चारशे पावलं आला. नंतर मी स्वतः ती पावलं मोजली.’ एवढंच. पंचशीला ते पान पुन्हा पुन्हा वाचायची, आणि दर वेळी तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

ऑक्टोबरात पलटणीचा स्थापना दिवस असे. मुंबई-ठाण्याकडचे पेन्शनर भाईंदरच्या बुद्धविहाराच्या सभागृहात जमायचे. तात्याराव कागद न घेता श्रीलंकेत गेलेल्यांची नावं पुकारायचे. ज्याचं नाव येई त्याच्या सेक्शनमधले जुने सोबती उभे राहून म्हणायचे, “हाजिर!” अठरा नावं झाली की तात्याराव एकोणिसावं नाव घ्यायचे, “लान्स नायक गुणवंत!” आणि कुणी उठायच्या आत स्वतःच म्हणायचे, “हाजिर.” सरकारी यादीत गुणवंत नव्हता, आंघोळीला उतरला आणि बुडाला, अशी नोंद होती. साहेबांचा लाडका होता म्हणून घेतात नाव, असं लोक समजायचे.

तात्यारावांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच हवालदार राघो पंचशीलाला म्हणाला होता, “बाय, वह्या छापायच्या. या स्थापना दिवसाला पुस्तक झालं पायजे आणि नावंही तूच वाचायचीस.” राघो पेन्शनरांच्या संघटनेचा सेक्रेटरी. त्यानं टाईप केलेली यादीही आणून दिली. तीत अठराच नावं होती.

पंचशीलानं सगळ्या गेलेल्यांच्या घरी निमंत्रणं धाडली. गुणवंतच्या आईला, बीडकडच्या सुगंधाबाईंनाही धाडलं. पत्ता वडिलांच्या डायरीत होता. सुगंधाबाईंचं येते म्हणून उत्तर आलं. मग ती वह्या स्वच्छ उतरवायला बसली, आणि गुणवंतच्या पानाशी अडली. वर नाव, खाली गाव. बाकी पान कोरं.

चौथ्या वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरात, मागच्या बाजूला, तिला एक घडी घातलेला कागद सापडला आणि त्याच्याबरोबर आठ पोस्टकार्डं. कार्डं सुगंधाबाईंची, वर्षाला एक, गावातल्या कुणाकडून लिहवून घेतलेली. अक्षर दर वेळी वेगळं, मजकूर तोच. ‘माझ्या लेकराला पव्हता येत नव्हतं. हिरीच्या काठालाबी जात नव्हता. मंग आंघोळीला खोल पाण्यात कशाला उतरला, ते सायबांनी कळवावं.’

“आई, ही कार्डं तुला माहीत होती?”

तुळसाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. “कार्ड आलं की दोन दिवस नीट जेवायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, उत्तर लिहितोय. कुठलं लिहितायत.”

पंचशीलानं कागदाची घडी उलगडली. वर एक ते अकरा आकडे, प्रत्येकापुढं एक नाव. सातवं राघोचं. अकरावं तात्यारावांचं. खाली त्यांच्या सरळ अक्षरात मजकूर होता.

‘हुकूम होता, बोटी येईपर्यंत थांबा. खाडीपलीकडं आपली बारा माणसं अडकली होती, त्यांची काडतुसं संपत आली होती. मी थांबलो नाही. पहिल्या दोन नंबरांनी, कोकणातल्या दोघांनी, पोहत दोर पलीकडं नेला आणि माडाला बांधला. अलीकडं झाड नव्हतं. गुणवंतनं दोर कमरेला बांधला आणि छातीभर पाण्यात पाय रोवून उभा राहिला. त्याला पोहता येत नाही हे मला माहीत होतं. पण दोर धरायची ताकद त्याचीच होती. पलीकडं पाय टेकला की प्रत्येकानं आपला नंबर ओरडायचा, मग गुणवंत पुढच्याला सोडणार, असं ठरलं. पाऊस होता, समोरचं दिसत नव्हतं. अकरा नंबर झाले. अकरावा मी. काडतुसं पोचली. बाराच्या बारा माणसं नंतर जिवंत परत आली. मी पोचताच आम्ही गुणवंतला आमच्याकडं ओढून घ्यायला लागलो. ओहोटी सुरू झाली होती. मध्यावर दोर सुटला. चौकशीत मी जबाब दिला की तो आंघोळीला उतरला होता. दहा जणांनी माझ्या जबाबाखाली सह्या केल्या. जबाब खोटा आहे.’

पंचशीलानं कागद आईसमोर मोठ्यानं वाचला. तुळसाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

“ती बाई येणार हाय ना?” त्या म्हणाल्या.

“येणार आहे.”

“मग ती तुलाच विचारील.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पंचशीला वरसाव्याला गेली. राघो तिथं घोडबंदर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होता. गेटवरच्या केबिनमधून खाडी आणि पूल दिसायचा. तिनं कागद टेबलावर ठेवला. राघोनं चष्मा लावला, वाचला, आणि एवढंच म्हणाला, “सातवा व्हय मी? मला वाटायचं आठवा.”

“काका, तुम्ही यादीतून गुणवंतचं नाव का गाळलंत?”

“सरकारी यादीत न्हाय म्हणून.”

“काका.”

राघोनं चष्मा काढला. “जबाबाची अक्कल माझी. साहेब तयार नव्हते. आम्ही म्हटलं, बारा माणसं वाचवली ते कोण विचारणार न्हाय, हुकूम मोडला ते विचारतील. तुमचे फीत-बिल्ले जातील, पेन्शन जाईल, घरी तुळसावहिनी, पोर. मेला तो मेला. असं मी म्हणालो. ह्या तोंडानं.” तो खाडीकडं बघू लागला. “आता तू ते छापणार. तात्याराव सुभेदारांनी खोटा जबाब दिला, हे त्यांच्याच पोरीनं छापणार. आजपण लोक त्यांचं नाव घेऊन पोरांना दम भरतात, ठाऊक हाय ना?”

“हे त्यांनीच लिहिलंय.”

“लिवलं. पण सहा वर्षं वही हातात होती, पानावर उतरवलं न्हाय. त्याला काय म्हणशील?”

बापाचा हात त्या कोऱ्या पानावर सहा वर्षं अडून राहिला, हे खरंच होतं. खाडीचं पाणी उतरत होतं. काठाचा काळा चिखल उघडा पडत होता.

“पण कागद फाडलाही नाही, काका,” शेवटी ती म्हणाली. “आणि दर वर्षी त्याचं नाव घेतलं. लपवायचं असतं तर माणूस नाव घेतो का?”

राघोनं कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली. “पुस्तकाचं तू बघ. पण सभागृहात यादी माझी वाचायची. एवढं ऐक म्हाताऱ्याचं.”

तिनं कागद पर्समध्ये ठेवला आणि उठली.

नया नगरच्या छापखान्यात तिनं गुणवंतचा मजकूर दिला तेव्हा कॉम्प्युटरवरचा माणूस वैतागला. “मॅडम, एक पन्ना बढ़ जाएगा. सब पेज नंबर हिलेंगे.”

“हिलने दो,” पंचशीला म्हणाली.

स्थापना दिवसाला सभागृह भरलं. जुने सैनिक कोटावर पदकं लावून आले होते. कुणाचा कोट आता पोटावर मिटत नव्हता, त्यावरून एकमेकांची खेचणं चाललं होतं. “लेका, बटण उडालं तर समोरचा शहीद व्हईल!” सुगंधाबाई बायकांच्या रांगेत तुळसाबाईंशेजारी बसल्या होत्या. उंच, काटक, हिरव्या लुगड्यातल्या. सकाळी घरी आल्या तेव्हा पंचशीलाचा हात धरून त्यांनी विचारलंच होतं, “सायेब तर गेले. तुला काय म्हायती हाय का, बाई?” आणि ती म्हणाली होती, “आज सांगते.”

वंदना झाली. पंचशीला उभी राहिली. राघोची यादी तिच्या हातात होती. अठरा नावं तिनं एकेक करून वाचली. प्रत्येक नावावर खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, “हाजिर!” छत हलावं असे आवाज. चारशे पावलांवाल्या शिपायाचं नाव आलं तेव्हा एक लंगडा म्हातारा काठी टाकून उभा राहिला. पाठीवरून आलेला तोच.

अठरा झाली. राघोनं मान खाली घातली.

पंचशीलानं यादी टेबलावर ठेवली आणि पर्समधून घडीचा कागद काढला. वडिलांचा मजकूर तिनं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, आपला एकही शब्द न घालता. ‘जबाब खोटा आहे’ हे वाचताना तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही.

“लान्स नायक गुणवंत,” तिनं पुकारलं.

‘हाजिर’ म्हणणारा आता नव्हता. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आपण बापाला चारचौघांत उघडं पाडलं, असं तिच्या मनात आलं.

पहिल्या रांगेतून राघो उठला. टाचा जुळवल्या. छाती काढून, समोरच्या भिंतीपलीकडं कुणीतरी उभं असावं तसा ओरडला,

“सात!”

मागून दुसरा आवाज आला, “दोन!” मग भिंतीशी बसलेला एक टकला उठला, “नऊ!” आणि दाराजवळून चौथा, “पाच!” अकरांतले एवढेच आले होते. बाकीचे लांब होते, किंवा उरले नव्हते. चौघं ताठ उभे होते आणि चौघंही पंचशीलाकडं बघत होते.

पंधरा वर्षं जिनं लोकांना हळू बोलायला सांगितलं, त्या बाईनं श्वास भरून घेतला.

“अकरा!” तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

मग सगळं सभागृह उभं राहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. पदकं एकमेकांवर वाजली. राघोनं सलामी दिली आणि हात खाली घ्यायला विसरला.

सुगंधाबाई बसूनच होत्या. पंचशीला त्यांच्यापुढं जाऊन खाली बसली. वडिलांच्या वतीनं माफी मागायची तिनं ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. त्यातला एक आठवेना.

सुगंधाबाईंनीच विचारलं, “अकरा समदे पोचले व्हते?”

“सगळे. पलीकडचे बारासुद्धा वाचले.”

“आन तेच्या कानावर समदे आकडे गेले? अकराबी?”

“गेले. त्याशिवाय तो पुढच्याला सोडत नव्हता.”

सुगंधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग खाली घेतला आणि तुळसाबाईंकडं वळल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा लेकाचं सांगायला मिळालं तशा, जरा मोठ्यानंच म्हणाल्या,

“शेळ्यांचंबी तसंच व्हतं बाई त्याचं. समद्या आत आल्या का, मोजल्याबिगर घरात पाऊल टाकत नव्हता.”