डिस्कवर ठेवलेलं पंचपात्र

मामंजींना समाधी दिली तेव्हा त्यांनी रचलेल्या पदांची वही त्यांच्या मांडीवरच ठेवली होती. माझे यजमान वीरेश म्हणाले होते, "सगळी पदं कॉम्प्युटरात उतरवलीत." त्या भरवशावर सासूबाईंनी, मल्लम्मांनी, वही जाऊ दिली. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात. आता उकरणं शक्य नव्हतं.

आणि वैशाखात, गेवराईच्या घरापुढच्या आमच्या एसटीडी-डीटीपीच्या दुकानात, तोच कॉम्प्युटर तापून मधेच थांबायला लागला. आतून कट्‌कट् आवाज यायचा.

यजमानांनी हार्ड डिस्क डब्याबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवली, टेबलफॅन लावला. वाराच झळांचा. मी सकाळपासून तिची सैल वायर धरून उभी.

"कावून थांबलं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"तापलंय, माय."

"मग उतरव की ताप! वही जाऊ द्या म्हणताना लई तोंड चालत होतं."

सासूबाईंनीच बर्फाची पिशवी आणून डिस्कला टेकवली. पिशवीला पाझर सुटला, एक थेंब खालच्या सर्किटकडे घरंगळला. यजमानांनी झटक्यात पिशवी उचलली.

"पाणी आत गेलं की संपलं. सपाट बुडाचं तांब्याचं भांडं आणा. आत पाणी, बाहेरून कोरडं."

तसं एकच होतं. माझं पंचपात्र. पहाटे लिंगपूजेसाठी भरलेलं, आणि पूजा अजून व्हायची होती. पूजेआधी मी घोटभर पाणीही घेत नाही.

"आत्याबाई, हे पूजेचं हाय."

सासूबाईंनी एकदा पंचपात्राकडं पाहिलं. "पूजा उशिरा हुईल. पदं गेली तर कुठून आनायची? ठेव."

वायर सासूबाईंच्या हाती दिली, पदरानं बूड पुसून मी पंचपात्र डिस्कच्या पत्र्यावर ठेवलं, कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं. तळव्यांना डिस्कची थरथर लागत होती. पदांची फाईल उतरवून घ्यायला यजमानांनी फ्लॉपी घातली. वीज जायची वेळ झाली होती.

पडद्यावरची पट्टी सरकली. अडली. कट्. कट्.

"हात हलवू नको, रुद्राणी."

मी मनात पंचाक्षरी धरली. पट्टी हलेना. मग एकदम पुढं गेली, शेवटपर्यंत.

"झाली?" सासूबाई.

यजमानांनी फ्लॉपीवरनं फाईल उघडली.

"शेवटचं वाच." सासूबाईंना अक्षरओळख नव्हती.

यजमान वाचू लागले. दुसऱ्या ओळीला सासूबाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलले. पद संपलं आणि वीज गेली. फॅन फिरत फिरत थांबला.

"पूजेला दुसरं पाणी भरू?" मी विचारलं.

सासूबाईंनी पंचपात्राला बाहेरून हात लावून पाहिला. "कोमट झालंय. हेच घे."

डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन मी तेच पाणी वाहिलं. मागं सासूबाई लेकाला सांगत होत्या, "लाईट आली की पैलं कागदावर काढ. आन् मी गेल्यावर माझ्या मांडीवर काई ठिवू नका."