शिंपिणीचं लायसन

चर्चमधली उपासना संपत आली तेव्हा पाळकसाहेबांनी सांगून टाकलं, की यंदाचं दान पैशात मागायचं नाही. माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या तावडीतून सुटलेल्या बायका ज्या आश्रयगृहात राहत, त्याला मंडळीने गेल्या वर्षी व्हॅन घेऊन दिली होती. व्हॅन ठणठणीत होती. पण तीन ड्रायव्हर आले नि गेले. शिवाय अनोळखी पुरुष चालवतोय अशा बंद गाडीत बसायचं म्हटलं की नव्याने सुटून आलेल्या मुलींचे हातपाय गार पडायचे.

"त्यांच्यातलीच एखादी चालवायला शिकली तर," एवढं बोलून पाळकसाहेब थांबले.

सगळी मंडळी वळून मागून दुसऱ्या बाकाकडे बघू लागली. तिथे ब्रेकबाई बसली होती. बावीस वर्षं गाडी शिकवून तिने निम्म्या मंडळीला लायसन मिळवून दिलं होतं आणि तिच्या बाजूच्या जादा ब्रेकचा धसका त्या सगळ्यांनी घेतला होता.

"बघताय काय असे," ती म्हणाली. "शिकवते की."

आश्रयगृहाच्या ताईंनी शिंपिणीला पाठवलं. पंचविशी ओलांडलेली, बारीक चणीची, बोलायला जेमतेम. कपड्यांच्या कंपनीत नोकरी देतो म्हणून तिला ताडपत्री ओढलेल्या टेम्पोतून नेलं होतं, आणि मग तीन वर्षं कुलपाआड कॉलर शिवत बसवलं होतं. कागदपत्रं मालकाच्या कपाटात, पगार कुणाच्याच तोंडी नाही.

गाडीत बसल्यावर तिने एकच विचारलं. "बाई, ही दारं आतून उघडतात ना?"

बावीस वर्षांत ब्रेकबाईला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "उघडून बघ," ती म्हणाली.

शिंपिणीने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग उतरून बाकीच्या तिन्ही दारांशी जाऊन, प्रत्येक सीटवर बसून तोच प्रयोग केला. तास तिथेच संपला. ब्रेकबाई घरी पोचली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की गाडी इंचभरही हलली नव्हती आणि तरी आपण भलत्याच खुशीत आहोत.

दुसऱ्या तासाला मात्र ती थक्क झाली. नवशिक्यांची गाडी बेडकासारखी उड्या मारते. शिंपिणीने क्लच असा सोडला की गाडी लोण्यावरून निघाल्यासारखी निघाली.

"कुठे शिकलीस गं?"

"शिलाई मशीनचं पेडल असंच असतं," शिंपीण म्हणाली. "जोरात दाबलं की टाका सुटतो."

रिव्हर्सचं तेवढं जमेना. चर्चच्या आवारात सराव चालायचा आणि आत गायकवृंदाचा. बाहेर कुंडी फुटली की आतले आवाज एक पट्टी वर चढायचे. चौथी कुंडी गेल्यावर पाळकबाईंनी उरलेल्या मुकाट्याने घरात नेल्या आणि त्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. "आता बघू कशी धडकतेस ते," त्या म्हणाल्या. शिंपीण हसून हसून स्टिअरिंगवर वाकली, पण त्या दिवसापासून तिची गाडी सुतासारखी सरळ मागे यायला लागली.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. रस्त्याच्या मधोमध एक कबुतर बसलं होतं, ते स्वतःहून उडेपर्यंत ती थांबून राहिली आणि मागे रांग लागली. परीक्षक चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा माणूस. दुसऱ्या खेपेस त्याने सही केली आणि म्हणाला, "आज कबुतरं सुट्टीवर दिसतात."

त्या रविवारी मंडळी उधाणली होती. उपासना संपताच गायकवृंद पांढऱ्या झग्यांसकट व्हॅनमध्ये कोंबला गेला. नऊ जणांच्या गाडीत नऊच, असं शिंपिणीने बजावलं आणि उरलेल्या पाचांना दुसऱ्या खेपेचं वचन दिलं. पुढे तिच्याशेजारी अर्थातच ब्रेकबाई.

चौकापर्यंत गेले असतील नसतील, तोच ताईंचा फोन आला. पोलिसांनी एका बंद घरातून दोन बहिणींना सोडवलं होतं, ठाण्यावर गाडी हवी होती. शिंपिणीने व्हॅन कडेला घेतली. "मागच्या सगळ्यांनी उतरायचं," ती म्हणाली.

सात झगे भर चौकात उतरले. जाड्या आवाजाच्या आजोबांनी उतरता उतरताच सूर धरला आणि ती वरात रहदारीतून गात चर्चकडे निघाली. लोक स्कूटर थांबवून बघत होते.

ठाण्यावर थोरली बहीण ताईंच्या हाताला धरून व्हॅनमध्ये चढली. धाकटी, विशीच्या आतबाहेरची, फाटकाशीच अडून राहिली.

"गाडी कोण चालवणार?"

"मी," शिंपीण म्हणाली.

"तू? कधीपासून?"

"लायसन शुक्रवारी मिळालं."

धाकटीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरायला गेली तशी उचकीच लागली. "मग मला पुढे बसायचंय," ती उचकीतून म्हणाली. "तू कशी चालवतेस ते बघते."

ब्रेकबाई निमूट उतरली आणि मागे, थोरलीच्या बाजूला जाऊन बसली. आपण गाडीत मागच्या सीटवर शेवटचे कधी बसलो, ते तिला आठवेना.

व्हॅन निघाली. शिंपीण मोठ्याने सांगत होती, "आता उजवीकडे. ही शाळा. इथून डावीकडे, की मग आपलं घर." धाकटीने तीन बटणं कशाची ते विचारलं आणि चौथं न विचारताच दाबलं. वायपर कोरड्या काचेवर करकरत नाचू लागले. ते बंद कसे करायचे हे गडबडीत शिंपिणीलाही सुचेना.

पाठीमागून ब्रेकबाईने सांगायला तोंड उघडलं, पण शेजारची थोरली, जी ठाण्यातून निघाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, खांदे गदागदा हलवत हसत होती. मग ब्रेकबाईने काही सांगितलंच नाही. वायपर तसेच घरापर्यंत चालू राहिले.