आभाळातले डाग

क्षिप्राने मोबाइलचा टॉर्च लावला, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कॅमेरा हातात घेतला. फोन घसरून टेबलावर आडवा पडला. तिने डब्याऐवजी पोळपाट लावून पाहिला. उजेड भलतीकडेच पडत होता. कधी टेबलावर, कधी तिच्याच मनगटावर. जिथे हवा होता तिथे, कॅमेऱ्याच्या पोटातल्या टपाल तिकिटाएवढ्या काचेवर, मात्र अंधारच होता.

सकाळी ओखल्याला काढलेले फोटो लॅपटॉपवर उघडे होते. यमुनेवरचं जानेवारीतलं पांढुरकं आभाळ, त्यात चित्रबलाकांची रांग, आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी तेच करडे डाग. लेन्स बदलताना धूळ आत शिरते आणि सेन्सरवर बसते, हे तिला ठाऊक होतं. रबरी पंपाने हवा मारून झाली होती. डाग हलले नव्हते. आता टोकाला मऊ फडकं लावलेल्या ओल्या काडीने पुसण्यावाचून इलाज नव्हता. काड्या केव्हाच मागवून ठेवल्या होत्या, धीर आज केला होता. धूळ उडू नये म्हणून हीटर बंद, खिडक्या बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली. बॅटरी पूर्ण भरलेली, कारण पुसता पुसता ती संपली तर सेन्सरपुढचा वर उचललेला आरसा काडीवरच आदळतो, असं तिने वाचलं होतं.

एका हाताने कॅमेरा धरायचा, दुसऱ्याने काडी फिरवायची. उजेड धरायला तिसरा हात लागेल, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

कामवाली सकाळीच येऊन गेली होती. समोरचं बिऱ्हाड लग्नाला गेलं होतं. मिनिस्ट्रीत क्षिप्राच्या हाताखाली डझनभर माणसं होती, पण रविवारी दुपारी कुणाला फोन करून 'जरा टॉर्च धरायला या' म्हणायचं? आर. के. पुरमच्या या सरकारी इमारतीच्या जिन्यात तसं म्हणता येईल असं एकच दार होतं, खालच्या मजल्यावरचं. आणि त्या दाराची बेल तिने स्वरूपाताईंचे यजमान नरसिंहराव गेल्यापासून दाबली नव्हती.

त्याआधी रोजचं जाणं-येणं होतं. स्वरूपाताईंकडे काही वेगळं शिजलं की वाटी वर यायची. क्षिप्राने काढलेले पक्ष्यांचे फोटो नरसिंहराव चष्मा कपाळावर सरकवून बघायचे. ते गेले तेव्हा क्षिप्रा भरतपूरला होती. परत आली तर सगळं उरकलेलं, घर नातेवाइकांनी भरलेलं. दाराशी चपलांच्या गर्दीत ती थोडा वेळ उभी राहिली आणि वर निघून आली. पाहुणे गेले की निवांत जाऊ, असं तिने ठरवलं. पाहुणे गेले, तेव्हा आता इतक्या उशिरा काय जायचं, असं वाटू लागलं. पुढे जिन्यात भेट झाली तर मान हलवण्यापुरतंच उरलं.

कॅमेऱ्याचं तोंड झाकणाने बंद करून ती खाली उतरली आणि बेल दाबली. दार उघडायला वेळ लागला.

"क्षिप्रा?" स्वरूपाताईंनी पदराला हात पुसले.

"ताई, एक काम होतं. म्हणजे, वेळ असेल तर. कॅमेरा साफ करायचाय, आणि टॉर्च धरायला कुणी नाहीये."

आपलंच बोलणं तिला विचित्र वाटलं. स्वरूपाताईंच्या मागे बैठकीच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. भिंतीवरचं घड्याळ उतरवलेलं होतं.

"चप्पल घालते," त्या म्हणाल्या.

जिना चढताना क्षिप्राने विचारलं, "खोकी कसली?"

"क्वार्टर सोडायचंय ना. यांच्यामागे जितके दिवस ठेवू देतात, तितके झाले. महिनाअखेरीला पुण्याला, अक्षयाकडे. लेकीकडेच राहायचं आता."

क्षिप्रा पुढे चालत होती. कठड्यावरचा तिचा हात थांबला, मग पुन्हा सरकला.

वर आल्यावर तिने स्वरूपाताईंना खुर्चीवर बसवलं, फोन त्यांच्या हातात दिला आणि उजेड कुठे हवा ते दाखवलं. झाकण काढलं, बटण दाबलं. आतला आरसा टक्कन वर गेला आणि मागची काच निळसर चमकली.

"श्वास आत जायला नको, ताई. तोंड जरा बाजूला."

"बोललं तर चालेल?"

"बाजूला बघून बोला."

स्वरूपाताईंनी मान बाल्कनीकडे वळवली. हात मात्र हलला नाही. क्षिप्राने काडीवर औषधाचा थेंब टाकला आणि ती काचेच्या कडेला अलगद टेकवली.

"त्या दिवशी तू आली होतीस," स्वरूपाताई बाल्कनीकडे बघत म्हणाल्या. "चपलांपाशी उभी होतीस. मी आतून पाहिलं."

काडी काचेच्या मध्यावर होती. तिथे थांबून चालणार नव्हतं, थांबलं की ओघळ राहतो. क्षिप्राने ती एका दमात दुसऱ्या कडेला नेली आणि उचलली.

"मला कळेना काय बोलावं."

"बोलणारे खूप होते गं तेव्हा. नंतर कुणी नव्हतं."

क्षिप्राने काडी उलटी केली. दुसऱ्या बाजूने पुन्हा एकदा, उलट दिशेने, तेवढ्याच हलक्या हाताने पुसलं. मग कॅमेरा बंद केला. आरसा खाली आल्याचा आवाज झाला तेव्हा दोघींनीही सोडलेला श्वास ऐकू आला.

"यायला हवं होतं मी," क्षिप्रा म्हणाली.

स्वरूपाताईंनी टॉर्च कसा बंद करायचा ते विचारलं.

लेन्स लावून क्षिप्रा बाल्कनीत गेली. डाग गेले की नाही हे पाहायला रिकाम्या आभाळाचा फोटो काढावा लागतो. दिल्लीतलं हिवाळ्यातलं आभाळ त्याला अगदी सोयीचं. ना निळं, ना ढगाळ, नुसतं पांढरं. तिने फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, काळा-पांढरा फरक वाढवून कोपऱ्या-कोपऱ्यातून पाहिला. कुठे काही नव्हतं. इतकं स्वच्छ होईल असं तिला वाटलं नव्हतं.

स्वरूपाताई चष्मा लावून शेजारी वाकल्या. त्यांचं बोट पडद्याजवळून हळूहळू वर गेलं आणि उजवीकडच्या कोपऱ्यात थांबलं.

"हा काय इथे? बारीकसा."

क्षिप्राने तो कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला. पांढऱ्यावर पांढरं, एवढंच होतं. तिने मान वळवून पाहिलं. स्वरूपाताई पडद्याकडे बघत नव्हत्या. टेबलावरचा पोळपाट त्यांनी जवळ ओढून घेतला होता आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होत्या.

"हो," क्षिप्रा म्हणाली. "राहिलाय एक."

"मग आता?"

"लगेच परत पुसणं बरं नाही. उद्या बघू."

"उद्या तुला ऑफिस."

"संध्याकाळी."

"सात वाजतात ना तुला यायला? कधी साडेसात." स्वरूपाताई उठल्या. "मी येते तेव्हा वर. उजेड धरायला."

क्षिप्राने लॅपटॉप मिटला आणि चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेली.