फोटोपुरती गरिबी

आमच्या आत्याचं इस्त्रीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल आणि एक कोळशाची इस्त्री. तापलेल्या कापडाचा तो वास मला अजून येतो. काम इतकं यायचं की दुसरी इस्त्री हवीच होती. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी एक संस्था तेव्हा नवीन आली होती. आत्याचा अर्ज मंजूर झाला, फक्त फोटो राहिला होता. त्यासाठी ती ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून उभी राहिली.

संस्थेचे साहेब म्हणाले, "बाई, हे बदला. रोजचे विटके कपडे घाला. कानातलं काढा. आणि हसू नका."

"का बरं? मयताला निघालेय का मी?"

"परदेशातले लोक फोटो बघून पैसे देतात. त्यांना दया यायला हवी."

"पण पैसे तुम्ही परत घेणार ना?"

"अर्थात. व्याजासकट."

"मग हे कर्ज झालं. भिकाऱ्यासारखी कशाला उभी राहू?"

"मग कर्ज विसरा," साहेब चिडले. "आणि माझा इस्त्रीला टाकलेला शर्ट द्या. संध्याकाळी भाषण आहे."

शर्ट घडी घालून तयार होता. आत्याने तो उचलला, दोन्ही हातांनी चांगला चुरगळला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"असाच घाला. लोकांना तुमची दया येईल."

पुढे कित्येक वर्षं तिने त्या एकाच इस्त्रीवर काढली. मी आता म्हातारी झाले, पण ते "हसू नका" आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते.