एक ते तीन

केटलीचं बटण टक् करून पडलं आणि घरातली शांतता मोडली. पाच वर्षांची मेर्ले जागी तर झाली नाही ना, म्हणून मी कानोसा घेतला. मग बाड पिरमोंट या औषधी पाण्याच्या झऱ्यांच्या गावातल्या एका छोट्या हॉटेलला फोन लावला. मला आणि माझ्या नवऱ्याला, हेनिंगला, चार दिवस नुसतं गरम पाण्यात पडून राहायचं होतं. लेकीला सासूबाई सांभाळणार होत्या.

मालकीणबाई ठसक्यात म्हणाल्या, "आमच्याकडे दुपारी एक ते तीन चमचासुद्धा वाजत नाही हं! पाहुणे आंघोळीनंतर झोपतात. मुलंबिळं आहेत का?"

"आजीकडे ठेवणार आहोत," एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मी म्हणाले, "छे हो, आम्हाला मूलबाळ नाही."

"वा! मग बागेकडची खोली तुमचीच."

क्षणभर किती हलकं वाटलं मला! आणि त्या हलकं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की कान तापले. फोन ठेवून वळले, तर एक मोजा हातात धरून मेर्ले दारात उभी.

"आई, मग मी कुणाची?"