आजारी खासदाराचं मत

त्या दिवशी व्यवस्थित जेवून खासदार पांघरूण घेऊन आडवे झाले.

“अगं, गरम पाण्याची पिशवी दे जरा.”

“दुखतंय कुठे?” बायकोने विचारलं.

“पोटात. म्हणजे... तसं कळवलंय.”

बायको काय ते समजली. दुपारी सभागृहात विधेयक मताला येणार होतं, त्यांच्याच राज्यातल्या नदीचं पाणी शेजारच्या राज्यात वळवायचं. विरोध केला तर पक्ष रागावणार, बाजूने मत दिलं तर गावाकडचे लोक उंबऱ्यात उभं करणार नाहीत. आणि गैरहजर राहिलं तर पक्षाने कबूल केलेलं मंत्रिपद. तेव्हा अळीमिळी गुपचिळी.

त्याच नदीवर तिचं माहेर. निवडणुकीत तिच्या आईच्या अंगणात उभं राहून यांनी शब्द दिला होता, “जीव गेला तरी पाणी जाऊ देणार नाही!” म्हातारी अजून तो शब्द येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते.

“आईला काय सांगू?”

“आजारी होतो म्हणून सांग.”

“ती विचारेल, जीव तर गेला नव्हता ना?”

खासदारांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार!

रस्त्यापलीकडच्या सभागृहात घंटा सुरू झाली. मतदानाआधी ती वाजते आणि थांबली की दारं बंद. इतकी वर्षं ऐकलेली घंटा, पण आज बायकोला वाटलं, कुणाची तरी वाट बघत ती लांबतेय.

बंद कपाटात खट्ट झालं. तिने दार उघडलं. नुसता हँगर हलत होता, खासदारांचा काळा कोट नव्हता. सकाळीच तिने त्याचं बटण लावलं होतं. काळा दोरा संपला म्हणून निळ्या दोऱ्याने.

घंटा थांबली.

तिने टीव्ही लावला. नावं पुकारून मतदान चाललं होतं आणि नेहमीच्या बाकावर खासदार बसले होते.

“अहो, बघा तरी!”

ते उठून बसले. रंग उडाला होता. “जुनं काहीतरी दाखवत असतील.”

“बटण बघा. तो निळा दोरा आज सकाळचा आहे.”

त्यांचं नाव पुकारलं गेलं. पडद्यावरचे खासदार उभे राहिले. पलंगावरच्यांनी ओरडायला तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज आला तो टीव्हीतून. “विरोधात! शब्द दिलाय मी.”

थोड्या वेळाने निकाल लागला. विधेयक पडलं. लगेच फोन वाजला. आई होती.

“ऐकलं गं! जावईबापूंचा आवाज अगदी पूर्वीसारखा वाटला. कितीतरी दिवसांनी. दे ना त्यांना.”

तिने फोन पलंगाकडे नेला. खासदारांनी गळ्यावर हात धरला. ओठ नुसतेच हलत होते. पिशवी मघाशीच भरलेली, पण बर्फासारखी गार पडली होती.

“यायचेत अजून,” तिने आईला सांगितलं आणि फोन ठेवला.

जिन्यावर पावलं वाजली. डावा पाय जरा ओढत चालण्याची खासदारांची ती सवय तिच्या चांगल्या ओळखीची. मग कुलपात किल्ली फिरू लागली. पलंगावरच्या माणसाने तिचा पदर घट्ट धरला आणि मान हलवली, नको, नको.

तिने एकेक बोट सोडवलं. पांघरूण त्याच्या खांद्यापर्यंत नीट ओढलं, अगदी मायेने. मग स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

कप मात्र दोनच काढले.